ओट्याला तिसरा हात

तिसरा हात

मिस्त्रीने फडक्याची कोरडी बाजू वर घेतली, बाटली तिरकी करून तिच्यावर थोडं तेल सोडलं आणि सिंकसाठी कापलेल्या भोकाची कड चोळायला घेतली. लाकूड जिथे आडवं कापलेलं असतं, तिथे ते अधाशासारखं तेल पितं. बाकीचा ओटा एव्हाना तृप्त झाला होता. तेलाचे दोन हात मुरले होते, हा तिसरा आणि शेवटचा. खिडकीतून येणाऱ्या उजेडात ओकच्या जाड फळीवरच्या रेषा ओल्या वाळूवर उमटाव्यात तशा उठून दिसत होत्या.

फडक्याला (          ).

तिथे पूर्वी वास असायचा. हिवाळ्यातल्या तापानंतर मिस्त्रीच्या नाकापाशी नुसती अशी मोकळी जागा उरली होती, आणि ही गोष्ट जगात कुणालाच ठाऊक नव्हती. बायकोलाही नाही.

"आज वास वेगळा येतोय," स्वयंपाकघराच्या दारातून धाकटी म्हणाली.

मिस्त्रीचा हात जिथे होता तिथेच राहिला.

"वेगळा म्हणजे?"

"म्हणजे परवा होता तसा नाही."

"परवा कसा होता?"

"आता कसं सांगू? मी काय अत्तरवाली आहे?" धाकटी चौकटीला टेकली. तिच्या केसांत पीठ होतं. घरी पाव भाजून ओळखीपाळखीत विकायचा तिचा धंदा होता आणि या ओट्याची सगळ्यात जास्त घाई तिलाच होती. "वाईट नाही हो. छान आहे. फक्त वेगळा."

तिच्या डोक्यामागे, चौकटीच्या खिळ्याला, लाल चेन असलेली एक छोटी पिशवी टांगलेली होती. काम सुरू झाल्यापासून मिस्त्रीने त्या पिशवीकडे बघायचं टाळलं होतं. आता त्याला दुसरं काही दिसेना.

पहिल्या हाताच्याही आधी

दोघी बहिणींच्या जेवणाच्या टेबलावर त्याने ओकचे चार तुकडे मांडले होते. प्रत्येकावर वेगळं तेल.

"हे खनिज तेल," तो म्हणाला होता. "याला ना रंग ना गंध. पण हे सुकत नाही, नुसतं मुरतं. दर महिन्याला लावत बसावं लागेल."

"दर महिन्याला ही केस विंचरत नाही," थोरली म्हणाली होती. थोरली पोस्टात होती. प्रत्येक वस्तू उलटून मागची बाजू बघायची तिला सवय होती, तसा तिने तुकडा उलटून पाहिला. "पुढचं?"

"जवस. थोडं पिवळं दिसतं, पण कातडीसारखं घट्ट बसतं. पाणी, गरम भांडं, सगळं सोसतं. हे तिसरं टंग."

"टंग म्हणजे कशाचं?"

"एका झाडाला कवचाची फळं येतात, त्यांच्या बियांचं."

"नको."

"ताई, अगं, ते वेगळं झाड..."

"कवच आहे ना? नको."

तोवर धाकटीने चौथा तुकडा उचलला होता. "ए, हा बघ! लाकूड कसं जसंच्या तसं राहिलंय. पिवळं नाही, काही नाही. मिस्त्री, आपण हाच..."

"हे कशाचं?" थोरलीने विचारलं.

"अक्रोडाचं," मिस्त्री म्हणाला.

थोरलीने बहिणीच्या हातावर अशी थाप मारली की तुकडा टेबलाखालून भिंतीपर्यंत गेला.  धाकटी उठून मोरीत गेली आणि साबण लावून हात धुऊ लागली. धुताना ती गुणगुणत होती. थोरलीचं सगळं लक्ष त्या गुणगुणण्यावर होतं, ते का, हे मिस्त्रीला तेव्हा समजलं नाही.

"एका वाढदिवसाला केकवरच्या चुऱ्यात अक्रोड निघाला होता," थोरली हळू आवाजात म्हणाली. "आधी ओठ सुजले. मग गळा. मी पाठमोरी होते, मला काहीच दिसलं नाही. ती बोलायची थांबली म्हणून मी वळले. कारण ही बाई बोलायची कधी थांबतच नाही." तिने दाराकडे बोट दाखवलं. "तेव्हापासून त्या पिशवीत इंजेक्शन असतं."

"ती माझी सवत आहे!" मोरीतून धाकटी ओरडली. "जिथे मी तिथे ती!"

"वाळल्यावर काही होत नाही म्हणतात, असं मला सांगू नका, मिस्त्री."

"नाही सांगणार."

"मग शब्द द्या."

"जवस," मिस्त्री म्हणाला होता. "त्याशिवाय या ओट्याला दुसरं काही लागणार नाही. शब्द."

तिसरा हात, अजून ओला

धाकटी आत गेली तसं त्याने बाटली उजेडात धरली. मधासारखा रंग. त्यावरून काही कळणार नव्हतं. सासऱ्यांच्या पद्धतीने दोन्ही तेलं पसरट काचेच्या भांड्यांत भरून गच्चीवर ठेवायची, ऊन खाऊन ती दाट व्हायची, आणि उन्हात राहून राहून दोघींचा रंगही एकच व्हायचा. जुळ्या बहिणींसारखा. मग ती पत्र्याच्या दोन सारख्या डब्यांत भरायची. जवस ओट्यांना आणि दारांना, अक्रोड वाडग्यांना आणि लाकडी चमच्यांना.

डब्यांवर काही लिहायचं नाही. हा सासऱ्यांचा नियम. लिहिलं की माणूस वाचतो, हुंगत नाही, असं ते म्हणायचे. तेल खवट झालंय का, त्यात भेसळ आहे का, मुरलंय का, हे सगळं नाकाला कळतं आणि चिठ्ठीला कळत नाही. त्यांच्या हाताखाली शिकायला आलेल्या मिस्त्रीची पहिली परीक्षा डोळे बांधून झाली होती. तो पास झाला होता. पण त्यांच्या लेकीसारखं नाक त्याचंही नव्हतं. ती जिना चढता चढता सांगायची, वर कोणता डबा उघडा राहिलाय. पुढे ती त्याची बायको झाली, सासरे गेले, कारखाना दोघांचा झाला, आणि गिऱ्हाइकं म्हणायची, त्या नाकवाल्यांकडे द्या काम.

नाकवाले.

सकाळी बायको दुसऱ्या एका घरी मापं घ्यायला गेली होती. कारखान्यातली डबे ठेवायची भिंतीतली फळी तिने गेल्या आठवड्यात धुवायला काढली होती, ती अजून बसवायची होती. दोन्ही डबे खाली जमिनीवर, दारापाशी. एरवी बाटली तीच भरून द्यायची. परवाही तिनेच भरली होती. आज त्याने स्वतः एक डबा उघडला. (          ). दुसरा उघडला. (          ). मग दोन्ही झाकणं बोटाने चाचपून पाहिली. जवस झाकणाला जास्त धरतं. एक झाकण जास्त चिकट होतं. निदान त्याला तसं वाटलं. त्या वाटण्यावर त्याने बाटली भरली, पिशवीत टाकली आणि वाटेत ते विसरूनही गेला.

आता त्याने करंगळी बाटलीच्या तोंडाला लावली आणि जिभेवर टेकवली. बुळबुळीत. बस. तापाने जिभेलाही काही शिल्लक ठेवलं नव्हतं.

परवा बायकोने भरली होती, म्हणजे परवाचं जवस. आज वेगळं आहे, म्हणजे आजचं...

त्याने फडकं घेतलं आणि ओटा पुसायला सुरुवात केली. जोरात, रेषांच्या उलट सुलट, शिकाऊ पोराने पुसावा तसा. वरचं निघत होतं. आत गेलेलं निघत नव्हतं. तेच तर या तेलांचं काम, आत जाणं.

"अहो, किती घासताय! मी लावू का जरा हात? मऊ झालाय का बघते."

"ओलं आहे!"

तो इतक्या मोठ्याने ओरडला की धाकटीचा पुढे आलेला हात छातीशी गेला.

"बापरे. आमच्या ताईचा अवतार आहात की काय?"

"डाग पडतो," तो म्हणाला. "बोटांचा. ओल्यावर."

"परवा नाही पडला." तिने मागे वळून बघितलं, थोरली घरात नव्हती तरीही. "परवा तुम्ही गेल्यावर मी गाल टेकवला होता. असा. इतका छान गार लागतो. जरा चुरचुरला नंतर, पण ताईला सांगू नका हं, नाहीतर ती मला या घरात हातमोजे घालून झोपवेल. तुमच्या घासण्याची धूळ असणार."

"धूळच असणार," मिस्त्री म्हणाला.

परवाचं बायकोने भरलं होतं. परवाचं जवस. म्हणजे धूळच.

"उद्या सकाळी मी यावर पहिलं पीठ मळणार," धाकटी म्हणाली. "परात बिरात काही नाही. थेट लाकडावर. असे कोपरापर्यंत हात."

त्याने मान हलवली. फडकं त्याने पाण्याच्या बादलीत बुडवलं आणि बुडालेल्या फडक्याकडे बघत राहिला. तेलाची फडकी गोळा करून टाकली की आपोआप तापतात, पेट घेतात, म्हणून ती पाण्यात बुडवायची असतात. एरवी ती तापायला लागली की नाकाला आधी कळायचं. तापानंतर मिस्त्री फडकी दोनदोनदा बुडवत होता. हल्ली बायकोही तसंच करायची. तिला बघून त्याला बरं वाटायचं: एक तरी माणूस घरात जपून वागतंय.

ओट्यापलीकडच्या खिडकीतून थोरली गल्लीच्या टोकाला दिसली. हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हाताने डोळ्यांवरचं ऊन अडवलेलं. ती जवळ येत होती.

मिस्त्री जिन्यात गेला आणि त्याने बायकोला फोन लावला.

"इकडे ये."

"काय झालं?"

"काही नाही. ओट्यावरून एकदा नाक फिरवून जा."

 मागे कुठेतरी हातोडी वाजत होती.

"तू आहेस ना तिथे," ती म्हणाली.

"मी आहे. तू ये."

"त्यांनी काही म्हटलं का?"

"त्यांना वास वेगळा वाटतोय. परवापेक्षा."

 पलीकडची हातोडी थांबली.

"येते," ती म्हणाली.

नाक

ती आली तेव्हा थोरली भाजी निवडत बसली होती आणि मिस्त्री स्वच्छ झालेली हत्यारं पुन्हा स्वच्छ करत होता.

"याच का त्या?" थोरली म्हणाली. "तुमचं नाक म्हणे पेटीत ठेवण्यासारखं आहे."

"पेटीत ठेवलं तर श्वास कशाने घेऊ?" बायको हसून म्हणाली. तिने चपला काढल्या, पदर खोचला आणि ओट्यासमोर गुडघ्यांवर बसली. नाक फळीच्या पातळीला आलं. डोळे मिटले.

मिस्त्रीने तिला हे कितीतरी वेळा करताना पाहिलं होतं. तरी आज त्याला ते पहिल्यांदा बघतोय असं वाटलं. ती सिंकच्या भोकापासून निघाली आणि लाकडाला नाक लागेल न लागेल अशी हळूहळू दुसऱ्या टोकापर्यंत गेली. मग परत आली. इतका वेळ तिला कधी लागत नसे.   थोरलीने हातातली शेंग मोडली नाही.

"जवस," बायको म्हणाली.

"नक्की?" थोरलीने विचारलं.

"जवसच."

"मग वेगळा का येतोय?" धाकटी म्हणाली. "माझं नाक काय अगदीच टाकाऊ नाही."

"तिसऱ्या हाताला वास बदलतो, ताई. खालचे दोन मुरलेले असतात, वरचा ताजा. मिसळतात." बायको उठली. गुडघ्यावरची धूळ झाडताना ती कुणाकडेच बघत नव्हती. "पण थोडे दिवस थांबा पीठ मळायला. घाई कशाला?"

"मिस्त्री म्हणाले होते, शेवटचा हात पुसला की दुसऱ्या दिवशी चालेल."

"हो," बायको म्हणाली. "चालेल तसं."

मिस्त्रीने मोठा श्वास घेतला. त्यात (          ), पण त्याला चाललं. तिला आला होता. दोघांत एक नाक पुरे.

थोरलीने दोघांना पाणी दिलं. धाकटीने सकाळच्या पावाचा एक लांबट तुकडा कागदात गुंडाळून बायकोच्या हातात कोंबला. "हुंगून सांगा बरं, यात काय काय आहे?"

बायकोने कागदासकट तो नाकाशी नेला.

"कष्ट," ती म्हणाली, आणि सगळे हसले.

वाटेत

हत्यारांची पिशवी त्याच्या खांद्यावर, बादली तिच्या हातात. दोघं रस्त्याच्या कडेने पुढे मागे चालत होती.

"मला कशाला बोलावलंस?" ती म्हणाली. "तुला कळलं नव्हतं?"

"त्यांना तुझ्या तोंडून ऐकायचं होतं."

"हं."

एक सायकलवाला घंटी वाजवत गेला. ती कडेला झाली, बादलीतलं पाणी तिच्या पायावर सांडलं. तिने पाहिलंही नाही.

"डबा कोणता घेतलास आज?"

"खाली होते त्यातला."

"खिडकीकडचा की दाराकडचा?"

"फळी कुठे आहे जागेवर? दोन्ही दारापाशीच आहेत ना. चिकट झाकणाचा घेतला."

"चिकट झाकणाचा," ती म्हणाली.

"का गं?"

"काही नाही."

 वास घेऊन सांगितलं, तर मग डबा कोणता हे कशाला विचारायचं, हे त्याच्या मनात आलं. पण त्याच वेळी त्यांची गल्ली आली, आणि रोजच्या सवयीने तो खिशात किल्ली शोधू लागला.

कोरडं

कारखान्यामागच्या दोन खोल्यांत ते राहत. त्याने परसातल्या नळावर हात धुतले. तेल सहज सुटत नाही. साबण, मग लाकडाचा भुसा, मग पुन्हा साबण. नखं दगडावर घासताना त्याने ठरवलं की उद्या, नाही, आजच, बायकोला सांगून टाकायचं. माझं नाक गेलंय. तू आहेस म्हणून आज वाचलो. ती चिडेल. चिडू दे. सासऱ्यांच्या फोटोकडे बघून एखादा टोमणा मारेल, मग डब्यांवर दोघं मिळून अक्षरं रंगवू.

हात पुसत तो आत आला.

टेबलावर दोन्ही डबे होते. तिने ते कारखान्यातून आत आणले होते. दोन्हींची झाकणं उघडी. ती त्यांच्यावर ओणवी झाली होती, त्याच्याकडे पाठ करून. एका डब्यावर वाकायची, खांदे वर जायचे, खांदे खाली यायचे. मग दुसऱ्यावर. मग पुन्हा पहिल्यावर. तिने एक बोट बुडवलं, नाकाखाली चोळलं, वरच्या ओठावर तेल चमकलं. पुन्हा खांदे वर. पुन्हा खाली.

तिच्या मागे, हातभर अंतरावर, गॅसवर दुधाचं पातेलं होतं. दूध कधीच उतू जाऊन संपलं होतं. पातेल्याचा तळ काळा झाला होता आणि त्यातून निळसर धूर सरळ वर चढत होता, छताला लागून पसरत होता, तिच्या केसांवरून जात होता. (          ).

ती वळली नाही.

(                    ).

त्याला ताप आठवला. दोघं एकाच वेळी आडवे पडले होते. बरं झाल्यावर तिने डबा उघडून म्हटलं होतं, आला बाई वास. मग तिने डबा त्याच्यापुढे धरला होता, आणि तोही म्हणाला होता, हो, आला. मग मागच्या महिन्यात तिने दुधाची पिशवी कापून त्याच्यासमोर धरली होती. बघ रे जरा, नासलंय का. ठीक आहे, तो म्हणाला होता. रात्रभर दोघांची पोटं बिघडली होती, आणि सकाळी दोघांनी मिळून दूधवाल्याला शिव्या दिल्या होत्या.

त्याने पुढे होऊन गॅस बंद केला. बटणाच्या आवाजाने ती दचकली. तिने पातेल्याकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"लक्ष नव्हतं," ती म्हणाली.

त्याने पातेलं उचलून मोरीत ठेवलं. पाणी सोडल्यावर ते चर्रकन ओरडलं.

"वास आला तुला?" तिने विचारलं.

नळ वाहत राहिला. हो म्हणणं सोपं होतं. आजवर तेच सगळ्यात सोपं होतं.

"नाही," तो म्हणाला. "दिसलं."

ती उघड्या डब्यांपाशी उभी होती. तिच्या ओठावर तेल तसंच होतं. तिने एक झाकण उचललं, ते कोणत्या डब्याचं हे बघत राहिली, आणि पुन्हा खाली ठेवलं.

"मी फळीवरच्या जागेवरून ओळखायची," ती म्हणाली. "खिडकीकडचं जवस. फळी धुवायला काढली त्या दिवशी... परवाची बाटली मी..."

 मिस्त्रीला परवाचा गाल आठवला. असा. इतका छान गार लागतो. जरा चुरचुरला नंतर.

चुकला तो आजचा नव्हे, परवाचा हात. किंवा दोन्ही. किंवा एकही नाही. या घरात ते सांगू शकेल असं कुणी नव्हतं.

त्याने फोन लावला. घंटी वाजत राहिली. वाजत राहिली. मग थोरलीने उचलला.

"मोठ्या ताई, ओट्याला कुणी हात लावू नका. धाकट्या ताईंना बाहेरच्या खोलीत बसवा, स्वयंपाकघराचं दार लावून घ्या. आम्ही आत्ता येतो आणि फळीच काढून नेतो."

"काय म्हणताय? तुम्ही शब्द दिला होता."

"म्हणूनच."

"आणि त्यांनी? त्यांनी वास घेऊन सांगितलं ते?"

मिस्त्रीने बायकोकडे पाहिलं. तिला सगळं ऐकू येत होतं.

"आमचं चुकलंय," तो म्हणाला. "दोघांचं. धाकट्या ताई कुठे आहेत?"

"ती तर आत... पीठ चाळते म्हणत होती. तिला कुठे उद्यापर्यंत दम..."

फोन कशावर तरी आदळला. पावलं. खुर्ची सरकल्याचा, नाही, पडल्याचा आवाज. "अगं ए!" थोरलीची हाक लांब गेली आणि मग काहीच नाही. फोनच्या पलीकडे एक घर होतं आणि त्यातून काहीही येत नव्हतं. मिस्त्रीने फोन कानावर इतका दाबून धरला होता की त्याला स्वतःचंच रक्त ऐकू येत होतं. बायको त्याच्या दंडाला धरून उभी होती. तिची नखं रुतत होती.

मग खूप लांबून:

"...अगं पण नुसती चाळणी ठेवली होती! आणि एक हात. एकच! धुते ना, ओढतेस काय, हात उपटशील माझा! साबण कुठेय? साबण तर दे आधी..."

बोलत होती.

मिस्त्रीने फोनचा स्पीकर चालू केला आणि तो टेबलावर, दोन डब्यांच्या मध्ये ठेवला. धाकटी बोलत होती. पाण्याचा आवाज येत होता आणि त्यावरून ती बोलत होती: पिठाबद्दल, बहिणीच्या नखांबद्दल, ती लाल पिशवी आता कशाला काढतेयस याबद्दल. दोघं ऐकत उभी राहिली. एकदा ती थांबली, तेव्हा दोघांनीही श्वास धरला. ती शिंकली, आणि पुन्हा सुरू झाली.

मिस्त्रीने हत्यारांची पिशवी ओढली. ओट्याचे स्क्रू खालून होते. मोठा स्क्रू ड्रायव्हर सापडत नव्हता, कारण तो बायकोच्या हातात होता. तिने चपला घातल्या होत्या. ओठावरचं तेल तिने साबणाने धुतलं होतं, कोपरापर्यंत हातही, आणि आता ती त्याच्यापुढे साबण धरून उभी होती.

"मी जातो," तो म्हणाला. "तू आज इथेच..."

"ती फळी एकट्याला उचलायची नाही," ती म्हणाली.

त्याने पुन्हा एकदा हात धुतले. कुलूप तिने लावलं. रस्त्याने जाताना तिने फोन दोघांच्या मध्ये, कानाच्या उंचीवर धरला होता, आणि दोघं एकमेकांशी एक शब्दही न बोलता भराभर चालत होती, पलीकडचा एकही शब्द हुकू नये म्हणून.